आईचं नाव, असलं तर

आधी आपांचं सांगते, मग काय झालं ते. उलटं सांगायला गेले तर मधेच जीव घाबरेल, हात थांबेल आणि आपांचं राहून जाईल.

आपा नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या. वडील बुकबाइंडर, त्यांचे वडीलही तेच. आपा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकल्या आणि एका मोठ्या कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर रूममध्ये कामाला लागल्या. त्याच क्लासच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटत होते. माझं शिक्षण सातवी, तेही परीक्षा न देता. अशा बाईला आपांनी शेजारी खुर्ची दिली आणि हॅस्केल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवली. आज मी चेन्नईत, जिथं भाजीवाल्याशीही मला खुणांनी बोलावं लागतं, तिथं त्याच भाषेवर जगते. ऑफिसात मागून कुणी आलं की अजून वाटतं, दाखला मागायला आलं. कुणी मागत नाही. ते आपांमुळं.

आता काय झालं ते.

आमचं गाव औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. गणपती बोळवून लोक झोपले होते. धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता, पोटात दुखत होतं की काय, रडायचा थांबेना. माय म्हणाली, "याला जरा बाहेर घेऊन बस, माझा डोळा लागू दे." मी त्याला घेऊन अंगणात बाजेवर बसले. घर पडलं तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. माय आत होती. बापू, म्हणजे आमचे वडील, रानात जागलीला होते म्हणून वाचले.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या वसाहतीत, त्याला मीच वाढवलं. बोलायला लागला तेव्हा तो मला माय म्हणाला. बायकांनी डोळे पुसले, पण दुरुस्त कुणी केलं नाही. पहिलीत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "आईचं नाव काय लिहू?"

आमच्याकडं रिकामं ठेवत नाहीत. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून लिहायचे. माझी एक जून, बापूंची एक जून, निम्म्या गावाची एक जून. ठाऊक नाही असं कागदावर लिहिणं म्हणजे पोर उघड्यावर टाकल्यासारखं. भावानं माझ्याकडं बोट केलं. गुरुजींना सगळं माहीत होतं. तरी म्हणाले, "राहू दे. जिती हाय तिचंच लिहितो. रिकामी जागा बरी दिसत न्हाई." आणि माझं नाव लिहिलं. मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

पुढं बापूंना नांदेडला त्या क्लासच्या हॉस्टेलवर वॉचमनचं काम मिळालं, मला मेसचं. क्लासची दुसरी शाखा लातूरला. कामावरच्या माणसांच्या मुलांना तिथं घेत, म्हणून दहावीनंतर भाऊ लातूरला गेला. गावोगावची पोरं पाठीवर दप्तर आणि काखेत गादी घेऊन डॉक्टर व्हायला तिथं उतरायची, त्या गर्दीत आमचाही एक. माझी शाळा सुटली ती सुटली, त्याची सुटू नये. दुसरं काही मी देवाजवळ मागत नव्हते.

कॉम्प्युटर रूममध्ये चहा न्यायचे तेव्हा आपा लातूरहून आलेले अर्ज वाचत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "ए बाई, इकडं ये. हे गाव तुझ्याकडचं दिसतंय, काय लिहिलंय?" मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. मग त्यांनी मेसच्या मावशींकडं मला दुपारपुरतं मागितलं. "पोळ्या काय, कुणीपण लाटतंय," म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "हाव का? मंग संध्याकाळी या की तुमी." आपा खरंच आल्या. त्यांनी लाटलेली पहिली पोळी मावशींनी दिव्यापुढं धरून बघितली, म्हणाल्या, "हा कंचा जिल्हा?" आणि मलाच कायमचं आपांच्या हवाली केलं.

काम असं होतं. पडद्यावरच्या काळ्या चौकोनात एक ओळ लिहायची. आधी प्रोग्रामचं नाव, त्यापुढं मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, बॅच. एंटर दाबलं की त्या मुलाचं प्रगतिपत्रक छापून बाहेर. प्रोग्रामच्या नावापुढं जे लिहायचं त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. मला तो शब्द आधी भांडणाचा वाटला होता. आपा म्हणाल्या, "भांडण नाही गं. दारात आलेल्या माणसानं सांगायची ओळख आहे ती."

जुना प्रोग्राम ही ओळख नुसत्या जागेवरून धरायचा. पहिला शब्द मुलगा, दुसरा बाप, तिसरं गाव. लातूरचा ऑपरेटर घाईत क्रम चुकवायचा. एकदा एक गृहस्थ पत्रक घेऊन थेट नांदेडला आले. धोतर, पांढरा रुमाल, आवाज शांत. "मॅडम, गाव माझं देवणी, अन् बाप मी. हितं छापलंय, वडील देवणी. आमच्याकडचे बैल नावाजलेले हायत, ते खरं. पर म्या बैल न्हाई." आपांनी त्यांना चहा दिला, माफी मागितली, नवं पत्रक काढून दिलं. ते जिना उतरेपर्यंत आपांनी ओढणी तोंडाला धरली होती. मग खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसून झाल्यावर म्हणाल्या, "आता जागेवरून ओळखणं बंद. प्रत्येकाला नावानं बोलवायचं." म्हणजे दोन आडव्या रेघा, त्यांना लागून गाव हा शब्द, मग देवणी. दोन रेघा, वडील, मग नाव. मग क्रम कसाही असो. शब्द रोमन अक्षरांत लिहायचे, पण मराठीच. सगळीकडं इंग्रजी शब्द ठेवतात, हे मला चेन्नईला आल्यावर कळलं. आपांनी मराठी का ठेवले, तर शेजारी मी बसलेली होते.

हा नवा भाग त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी रोज म्हणायचे, "आपा, मला नाही जमणार, काहीतरी मोडेल." त्या म्हणायच्या, "मोडलं तर मोडलं, कायकू डरती? जोडायला मी आहे की."

हॅस्केलमध्ये लिहायची रीत वेगळी. हे कर, मग ते कर, असं सांगत सुटायचं नाही. दारात काय काय येऊ शकतं त्याचं आधी वर्णन करायचं. गाव म्हणजे एक तुकडा, वडील म्हणजे एक तुकडा, बॅच म्हणजे एक. प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्यापुरतं कळतं, आपला शब्द कसा ओळखायचा आणि नाही सापडला तर काय म्हणायचं. हे मला समजेना, तर आपा मला वडिलांच्या दुकानात घेऊन गेल्या. त्यांचे अब्बा खाली बसून शिवत होते. पुस्तक एकदम शिवत नाहीत. कागदाच्या घड्या, फर्मे म्हणतात त्यांना, वेगळ्या असतात. एकेक फर्मा दोऱ्यात घेत जायचा, आणि शेवटी जे हातात येतं ते एकच पुस्तक.

"आणि एक फर्मा नसेल तर?" मी विचारलं.

अब्बा मान वर न करता म्हणाले, "तो किताब दुकान के बाहर नहीं जाती, बेटी."

प्रोग्रामचंही तेच. सगळे तुकडे जुळले तर मुलाची पुरी ओळख आत जाते. एक जरी चुकला तर दारातूनच परत, आणि कोणता चुकला ते सांगून परत. मदत मागितली तर त्याच वर्णनातून प्रोग्राम स्वतःच सूचना छापतो, वेगळ्या लिहाव्या लागत नाहीत. एकदा आत गेल्यावर पुढच्या कुठल्याही कामाला पुन्हा विचारायची गरज नाही की गाव आहे का, बाप आहे का. दारात विचारून झालेलं असतं.

तुकडे तीन तऱ्हांचे. एक सक्तीचा, दिलाच पाहिजे. दुसरा गृहीताचा, नाही दिला तर आपण ठरवलेलं धरायचं. तिसरा असलं तर, नसलं तर नसलं, आणि नाही हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पहिले दोन मला लगेच कळले. तिसरा कळायला वेळ लागला. नाही म्हणून जपून ठेवायचं म्हणजे काय, हेच डोक्यात शिरेना. मी सगळीकडं दुसरा वापरायचे. जन्मतारखेपुढं मी लिहिलं होतं, नाही दिली तर एक जून. आपांनी ते बघून विचारलं, "ही काय भानगड?" मी म्हटलं, "आमच्याकडं तसंच असतंय." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "खोटं नाही म्हणत मी. पण मग ज्याची खरंच एक जून आहे, त्याला ओळखायचं कसं?"

त्याच सुमारास क्लासच्या मालकांनी, आम्ही त्यांना सर म्हणायचो, नवं काढलं. पालकसभेत पत्रक आईच्या हातात द्यायचं, स्टेजवर बोलावून. प्रगतिपत्रकावर वर आईचं नाव मोठ्या अक्षरात. नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेच, दुसरं नाही. आणि सक्तीचं. आई हा तुकडा मीच लिहिला. पहिल्या तऱ्हेचा. चालवून बघितला, बरोबर चालला, आणि मला आनंद झाला.

सभेला मी लातूरला गेले. धपाटे बांधून नेले होते. हॉल भरलेला. माइकवरून भावाचं नाव पुकारलं, मग "आई" म्हणून माझं. मी स्टेजवर गेले. मी पंचविशीच्या पुढची, तो सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा हातभर उंच. मागच्या बाकांवरून आवाज आला, "लेका, तुझी आई तर माझ्या ताईएवढीच दिसून राहिली." दुसरा म्हणाला, "लगीन बालवाडीतच लागलं आसंल." हॉल हसला. वाईट मनानं नव्हे, पोरं जशी हसतात तशी. सरही माइकजवळ हसले. मी पत्रक घेतलं आणि कुठल्या पायरीवरून उतरायचं ते विसरले.

बाहेर सायकल स्टँडजवळ तो उभा होता. धपाट्यांच्या डब्याला हात लावला नाही.

"हे तुझ्याच मशीननं छापलंय ना?"

"नाव दाखल्यावरचं हाय रे."

"दाखल्यावर काय बी असू दे. माझी माय मेली. तू माय न्हाईस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पुढच्या सभेला पुन्हा तेच नाव पुकारलं तर मी हितं राहणार न्हाई. गावातली पोरं पुण्याला कंपनीत चाललीत, त्यांच्यासंगं जाईन."

तो बोलेल तसं करणारा होता. मीच वाढवलेला, मला ठाऊक होतं. एसटीत बसून नांदेडला येईपर्यंत डबा मांडीवर होता. अहमदपूरला शेजारच्या बाईनं विचारलं, लेकराला भेटून आलात का. मी हाव म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपांना सांगितलं. मी म्हटलं, "आईचं दुसऱ्या तऱ्हेचं करू. नाही दिलं तर बापाचं नाव धरू. नाहीतर आजीचं. स्टेजवर कुणीतरी पाहिजेच ना." आपांनी लातूरच्या चाललेल्या ओळी काढून दाखवल्या. आमच्या भागातल्या पोरांच्या ओळी. एकाच्या आईपुढं चुलतीचं नाव. एकाच्या आईपुढं दोन वर्षांनी मोठ्या बहिणीचं. एकाच्या आईपुढं ऑपरेटरनं नुसता ठिपका दिला होता, कारण प्रोग्राम त्याशिवाय पुढं जाईना.

"बघ," आपा म्हणाल्या, "जी नाही तिच्या जागेवर कुणालातरी बसवून ठेवलंय. तुलाही असंच बसवलं. तू लहान होतीस, तुला कुणी विचारलंही नाही. आता ते पोरगं म्हणतंय उठ. उठशील का?"

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

बदल एका शब्दाचा होता. आई, सक्तीचं, त्याऐवजी आई, असलं तर. तो लिहिला. मला वाटलं झालं. पण हॅस्केल असं सोडत नाही. लिहिलेल्यातून चालता प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला तर मशीननं नकार दिला, आणि ओळीचा आकडा देऊन सांगितलं की इथं तुम्ही नाव आहे असं धरून चाललात, आता ते असेलच असं नाही, नसेल तेव्हा इथं काय करायचं ते ठरवा. मी ते ठरवलं. पत्रकाच्या वरची ओळ, आई नसेल तर छापायची नाही. पुन्हा बांधलं. पुन्हा नकार, दुसऱ्या जागी. सभेचं बोलावणं. आई नसेल तर? पुन्हा. माइकवर पुकारायची यादी. आई नसेल तर? आजारी पडला तर कळवायचं कुणाला, तिथंही. मशीनला काय माहीत कुणाला विचारतंय. मी प्रत्येक जागी उत्तर लिहीत गेले आणि प्रत्येक जागेवरून मी उठत गेले. शेड, वसाहत, पहिलीचा वर्ग, तापातल्या रात्री. आपांनी मधे एकदा पाण्याचा ग्लास पुढं केला. शेवटी प्रोग्राम बांधून झाला, काही तक्रार न करता. भावाची ओळ मी स्वतः चालवली, आईशिवाय. पत्रक बाहेर आलं. वर त्याचं नाव, खाली बापूंचं, मग गाव. कुठं भोक पडल्यासारखं दिसत नव्हतं. मला वाटलं होतं दिसेल.

आपांनी ऑपरेटरला कळवलं, आई नसेल तिथं कुणाचंच नाव टाकायचं नाही, आणि पुढच्या सभेत आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांना नुसतं त्यांच्या नावानं बोलावलं गेलं. मी गेले नव्हते. भावानं स्टेजवर जाऊन पत्रक स्वतःच घेतलं, असं ऑपरेटरनं फोनवर सांगितलं. तो लातूर सोडून गेला नाही.

सर मात्र त्याच आठवड्यात नांदेडला आले. हातात पत्रकांचा गठ्ठा. मी कोपऱ्यात उभी होते.

"मॅडम, आईचा रकाना कुणी काढला?"

मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाल्या, "मी काढला. काढला म्हणजे, जिथं आई आहे तिथं आहे."

"पेपरात फोटो द्यायचे असतात आपल्याला. प्रत्येक पोराशेजारी आई पाहिजे. एखादीचं नाव टाकायला काय जातं?"

"आपलं काही जात नाही सर," आपा म्हणाल्या, "पोराचं जातं."

सर चिडले नाहीत. ते म्हणाले, बघू. महिन्याभरात पुण्याहून तयार सॉफ्टवेअर आलं, त्यात सगळे रकाने सक्तीचे होते, आणि आपांना सांगण्यात आलं की आता त्या जागेची गरज उरली नाही. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पिशवीत ठेवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जिना उतरल्या. मी किती वेळा म्हणायला गेले की हे माझ्यामुळं झालं. त्या ऐकूनच घेत नसत. "चूप. प्रोग्राम बरोबर होता ना? मग."

भाऊ बारावीपर्यंत टिकला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या आईचं नाव कुणी काय टाकलं मला ठाऊक नाही, त्यानं सांगितलं नाही. डॉक्टर झाला नाही, फार्मसी केली, आता जळकोटला औषधाच्या दुकानात आहे. फोन करतो सणावारी. मला ताई म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी विचारलं, "जेवलास का?" ताई हे खरंच आहे. मी ताईच आहे. तरी फोन ठेवल्यावर मला थोडा वेळ काही करता येत नाही.

चेन्नईची नोकरी आपांना आली होती. कॉलेजातल्या त्यांच्या मैत्रिणीनं बोलावलं होतं, जिथं दिवसभर हॅस्केलच चालतं अशा ठिकाणी. तोवर अब्बांची नजर गेली होती. दुकानात फर्मे लावून द्यायला आपा लागायच्या. त्यांनी मैत्रिणीला माझा तो आर्ग्युमेंटांचा भाग पाठवून दिला आणि कळवलं, हिला घे, सातवी झालीय, पण आई नसली तर काय करायचं हे हिला सगळ्या जागी माहीत आहे. मैत्रीण हसली असणार. तरी घेतलं.

आपा अजून दुकानातच आहेत. मी फोनवर इथलं सांगत असते, त्या कामाच्या आवाजात ऐकतात आणि मधेच एखाद्या ओळीची चूक काढतात. हॅस्केलवाल्या लोकांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो. देशभरातून माणसं येतात आणि दोन दिवस फक्त हेच बोलतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले, आणि सारखं वाटत होतं, ही खुर्ची माझी नव्हे. आपांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिवस? फक्त हेच? अल्ला." एवढंच.

आपा, तुमचे गुडघे दुखतात, अब्बांना सोडून निघता येत नाही, हे सगळं मला माहीत आहे. माझाही अजून भरवसा नसतो, उद्या इथून कुणी उठवलं तर काय. पण एका वर्षी मी नांदेडला येईन, अब्बांजवळ मी बसेन नाहीतर बसणारं कुणी घेऊन येईन, आणि तुम्हाला त्या मेळाव्याला पाठवीन. तिथं दारात नाव विचारतात. तुमचं नाव मी आधीच लिहून ठेवलेलं असेल.